लाखोळीचा पांगळेपणा आणि चुंबकाची साक्ष

भंडारा जिल्हा हा तळ्यांचा आणि धानाचा मुलूख म्हणून आमच्या बहुतेक वाचकांस ठाऊक असेल. वैनगंगेच्या दोन्ही अंगांस पसरलेल्या या झाडीपट्टींत कोहळी लोकांनीं पिढ्यान् पिढ्या खपून बांधलेलीं तळीं आहेत. त्या तळ्यांच्या पाण्यावर धानाच्या बांध्या पिकतात, आणि धान पक्व होऊं लागला म्हणजे कापणीपूर्वींच त्याच ओल्या बांधींत शेतकरी दुसरें एक बीं फेकून देतो. त्यास नांगर नको, खत नको, वरून पाणी नको. जमिनींत उरलेल्या ओलीवरच तें उगवतें, फुलतें, आणि उन्हाळ्याच्या तोंडाशीं शेंगांनीं भरून येतें. या पिकास कोणी लाख म्हणतात, कोणी लाखोळी, कोणी लाखोरी. उत्तरेकडे तें खेसारी किंवा तिवडा या नांवानें ओळखलें जातें. गरिबाच्या घरीं त्याची डाळ शिजते, पिठाचे वडे होतात, कोंवळ्या पानांची भाजी होते, आणि उरलेलें भूस गुरांपुढें पडतें.

अशा या निरुपद्रवी दिसणाऱ्या कडधान्यावर फार जुना एक आरोप आहे. तें माणसास पांगळें करतें, असा तो आरोप होय. या आरोपाची चौकशी शतकानुशतकें चालली आहे, आणि तिच्या शेवटच्या टप्प्यांत एक असा साक्षीदार पुढें आला आहे कीं ज्याचा शेतीशीं वा वैद्यकाशीं कांहीं संबंध असेल असें प्रथमदर्शनीं कोणाच्याहि मनांत येऊं नये. हा साक्षीदार म्हणजे चुंबक. डोक्याच्या कवटीस हात न लावतां, बाहेरूनच चुंबकाच्या योगें मेंदू जागविण्याची जी विद्या गेल्या चाळीस वर्षांत निघाली, तिचा लाखोळीच्या इतिहासाशीं संबंध कसा आला, आणि त्यांतून भंडाऱ्याच्या शेतकऱ्यानें काय घ्यावें, हें सांगण्याचें आम्हीं येथें योजिलें आहे.

प्रथम आरोपाचा इतिहास पाहूं. सोळाव्या शतकांतील भावमिश्राच्या भावप्रकाशांत त्रिपुट नांवाच्या धान्याचे गुणदोष सांगतांना तें मनुष्यास लंगडें व पांगळें करतें असें स्पष्ट म्हटलें आहे. हें त्रिपुट म्हणजेच आपली लाखोळी. युरोपांतहि हें धान्य दुष्काळाचें सोबती होतें. १८११-१२ च्या दुष्काळांत माद्रिदच्या लोकांनीं त्याच्या पिठाच्या लापशीवर दिवस काढले, आणि तेव्हांचा स्पॅनिश चित्रकार गोया यानें त्या लापशीभोंवतीं जमलेलीं हाडकुळीं माणसें आपल्या युद्धचित्रांच्या मालिकेंत कायमचीं कोरून ठेविलीं. पुढें १८७३ सालीं नेपल्सच्या कान्तानी या वैद्यानें या विकारास त्या वनस्पतीच्या लॅटिन नांवावरून 'लॅथिरिझम' ही संज्ञा दिली.

आमच्या बाजूची हकीकत अधिक तपशीलवार आणि अधिक करुण आहे. कर्नल स्लीमन यानें १८४४ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या आठवणींच्या ग्रंथांत सागर प्रांतांतील एका गांवाची कथा दिली आहे. १८२९ च्या सुमारास गारपिटीनें गहूं झोडपला गेला. पुढच्या वर्षीं पावसानें दगा दिला. १८३१ मध्यें तांबेऱ्यानें उभें पीक खाल्लें. तीन वर्षें ओळीनें गहूं बुडाला, परंतु त्याच शेतांत तिवडा मात्र कोणी न पेरतां दाट माजला. लोक त्यावर जगले. १८३३ पासून त्या गांवांतील तरुण माणसांचे कमरेखालचे अवयव निकामी होऊं लागले. रात्रीं धडधाकट निजलेला मनुष्य सकाळीं उठतां उठतां अडखळे, आणि त्याचे पाय पुन्हा पूर्ववत् होत नसत. स्लीमननें यांत देवीचा कोप वा हवेचा दोष पाहिला नाहीं. लोकांनीं दाखविलेल्या धान्याकडेच त्यानें बोट केलें.

१८५९ च्या सुमारास डॉक्टर आयर्विंग यानें अलाहाबाद जिल्ह्यांतील बारा परगण्यांत फिरून अशाच पांगळ्यांची पाहणी केली. नंतर मध्यप्रांतावर १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन भयंकर दुष्काळ कोसळले. त्या वेळीं भंडारा जिल्हा याच प्रांताच्या नागपूर विभागांत मोडत होता. त्या काळांतील लाखोळीच्या पांगळेपणाचा वृत्तांत बुकॅनन यानें लिहिला, आणि तो नागपूर येथेंच छापला गेला. १९२२ सालीं ॲक्टन यानें रोग्यांचे वर्ग पाडले ते मोठे बोलके आहेत: काठीवांचून चालणारे, एका काठीचे, दोन काठ्यांचे, आणि शेवटीं जमिनीवर सरपटणारे. या सर्व वृत्तांतांतून एकच सूत्र निघतें. चार घांस डाळ खाल्ल्यानें कोणी पांगळा होत नाहीं. आहाराचा तिसरा हिस्सा किंवा त्याहून अधिक भाग जेव्हां दोन-तीन महिने याच धान्याचा होतो, तेव्हां रोग उद्भवतो. हा प्रसंग श्रीमंतावर येत नाहीं. तो दुष्काळांतील कुणब्यावर येतो, आणि रेवा संस्थानाप्रमाणें जेथें वेठबिगाराची मजुरीच या धान्याच्या मापानें चुकविली जात असे, तेथील मजुरावर येतो. लाखोळीचा पांगळेपणा हा जितका वनस्पतीचा दोष, तितकाच समाजव्यवस्थेचाहि आहे.

विसाव्या शतकांत याहून दुष्ट असा एक प्रयोग माणसांवर घडला. १९४२-४३ च्या हिंवाळ्यांत वाप्न्यार्का येथील छावणींत कोंडलेल्या यहुदी कैद्यांना हेंच धान्य खावयास घातलें गेलें. कैद्यांपैकींच एक असलेल्या डॉक्टर आर्थर केसलर यानें आपल्या सोबत्यांचे पाय लटके पडूं लागलेले पाहून कारण ओळखलें, व त्याची नोंद ठेविली. उपाशी माणसास निवड नसते, हें सत्य सागरच्या शेतांत आणि त्या छावणींत सारखेंच प्रत्ययास आलें.

स्वातंत्र्यानंतर सरकारनें कायद्याचा मार्ग धरला. भेसळप्रतिबंधाच्या नियमांखालीं महाराष्ट्रांत १९६१ सालीं लाखोळीच्या विक्रीस बंदी झाली. नंतर तीनच वर्षांनीं, १९६४ मध्यें, दिल्लीच्या व बंगलोरच्या रसायनशास्त्रज्ञांनीं स्वतंत्रपणें तिच्या बियांतील विषारी द्रव्य वेगळें काढलें. बंगलोरच्या शोधाशीं राव, अडिगा व शर्मा यांचीं नांवें निगडित आहेत. या द्रव्यास ओडॅप असें आंखूड नांव पडलें आहे. तें मज्जापेशींना अतिरेकानें चेतवितें, आणि तो अतिरेकच त्यांच्या नाशास कारण होतो, असें मानतात. गुन्हेगार सांपडला, परंतु गुन्हा नेमका कोठें घडतो, हा प्रश्न राहिलाच. मेंदूंत? मज्जारज्जूंत? कीं पायांकडे जाणाऱ्या मज्जातंतूंत? या रोगानें माणूस मरत नाहीं, तो पांगळा होऊन पुष्कळ वर्षें जगतो. त्यामुळें शवविच्छेदनाची संधि क्वचितच येते. जिवंत माणसाच्या मस्तकापासून पायापर्यंतच्या वाटेवर कोठें अडथळा आहे हें पाहण्याचें साधन हवें होतें, आणि तें साधन भौतिकशास्त्रानें दिलें.

येथें कालाचा एक विलक्षण योग ध्यानांत घेण्यासारखा आहे. ज्या १८३१ सालीं सागरच्या शेतांतील गव्हावर तांबेरा पडला, त्याच सालीं लंडनमध्यें मायकेल फॅरडे यानें चुंबकाच्या बदलत्या प्रभावानें तारेंत विद्युत् उत्पन्न होते हें सिद्ध केलें. आणि ज्या १८९६ सालापासून बुकॅननचा वृत्तांत सुरू होतो, त्याच सालीं पॅरिसमध्यें दार्सोन्व्हाल यानें तारेच्या मोठ्या वेटोळ्यांत डोकें घालून विद्युत् खेळविली, तेव्हां डोळ्यांपुढें प्रकाशाच्या लहरी दिसल्याचें त्यानें नमूद केलें. त्या प्रकाशाचें उगमस्थान मेंदू नसून डोळ्याचा पडदा असावा असें आज समजतात. परंतु चुंबकाचा हात शरीराच्या आंत पोंचतो, एवढें त्यानें दाखविलें. रोगाचा व साधनाचा इतिहास असे एकमेकांस न ओळखतां शेजारीं शेजारीं वाहत होते.

मेंदू विद्युतेस उत्तर देतो हें त्याआधींच कळलें होतें. १८७० मध्यें बर्लिन येथें फ्रिट्श व हिट्झिग यांनीं कुत्र्याच्या उघड्या मेंदूवर सौम्य प्रवाह सोडून विरुद्ध बाजूचे पाय हालविले. १८७४ मध्यें अमेरिकेंतील सिनसिनाटी येथें बार्थोलो नांवाच्या डॉक्टरानें तोच प्रयोग मेरी रॅफर्टी या गरीब स्त्रीवर केला. व्रणामुळें तिच्या कवटीस भोंक पडलें होतें. त्यांतून त्यानें सुया आंत घातल्या व प्रवाह वाढवीत नेला. तिला झटके आले, आणि थोड्याच दिवसांत ती मरण पावली. त्याच्या समव्यवसायी डॉक्टरांनींच त्याचा धिक्कार केला. ज्ञानाच्या लोभानें गरिबाच्या शरीराची काय गत होऊं शकते, याचें हें उदाहरण पुढील विवेचनासाठीं आम्ही मुद्दाम येथें नोंदवून ठेवतों.

कवटी न फोडतां मेंदूपर्यंत विद्युत् पोंचविण्याचें काम १९८० मध्यें इंग्लंडांत मर्टन व मॉर्टन यांनीं केलें, परंतु कातडीवर दिलेला तो जोराचा विद्युत्प्रहार वेदना करीत असे. वेदनेची ही अडचण शेफील्ड येथील अँथनी बार्कर व त्याच्या सहकाऱ्यांनीं १९८५ मध्यें दूर केली. त्यांनीं फॅरडेचाच नियम वापरला. एका विद्युत्संचायकांत सांठविलेली विद्युत् तांब्याच्या वेटोळ्यांतून क्षणार्धांत सोडावयाची. हजारों अँपियरांचा तो प्रवाह एका सेकंदाच्या सहस्रांशाहून कमी वेळ टिकतो. त्या वेळांत वेटोळ्याभोंवतीं दीड-दोन टेस्ला इतकें, म्हणजे पृथ्वीच्या स्वतःच्या चुंबकत्वाच्या हजारों पट बळकट क्षेत्र उभें राहतें व नाहींसें होतें. हाड विद्युतेस अडवितें, पण चुंबकत्वास अडवीत नाहीं. त्यामुळें कवटीच्या आंतील मेंदूच्या पृष्ठभागांत सूक्ष्म प्रवाह उत्पन्न होतो आणि तेथील पेशी जाग्या होतात. वेटोळें हाताच्या हालचालींचें नियंत्रण करणाऱ्या भागावर धरलें तर विरुद्ध हाताचा आंगठा आपोआप उडतो. रोग्यास टिचकी मारल्यासारखें वाटतें व एक कट्ट असा आवाज येतो, एवढेंच. या पद्धतीस ट्रान्सक्रेनियल मॅग्नेटिक स्टिम्युलेशन असें लांबलचक नांव आहे. आपण तिला मस्तकीय चुंबकोद्दीपन म्हणूं.

या साधनानें संशोधकांच्या हातीं काय आलें? पहिली गोष्ट म्हणजे काळ मोजण्याची सोय. मस्तकावर टिचकी दिली कीं हाताचा स्नायू साधारणपणें सेकंदाच्या सहस्रांशांत मोजतां सुमारें वीस अंशांनीं उत्तर देतो. मग तीच टिचकी मानेवर, जेथून हाताचे तंतू मज्जारज्जूच्या बाहेर पडतात तेथें द्यावयाची व पुन्हा वेळ मोजावयाचा. दोहोंची वजाबाकी केली म्हणजे मेंदूपासून मज्जारज्जूंतील त्या ठिकाणापर्यंतच्या वाटेस किती वेळ लागला तें कळतें. हातासाठीं हा वेळ सहा-सात अंश, आणि वाट लांब असल्यामुळें पायासाठीं त्याच्या सुमारें दुप्पट असतो. हा वेळ वाढला तर आंतील वाट खराब झाली. तो ठीक असून पुढील वेळ वाढला तर दोष बाहेरच्या तंतूंत. टपालास उशीर कोणत्या ठाण्यावर झाला हें शिक्क्यांवरून ओळखावें, तसाच हा प्रकार आहे.

दुसरी सोय अशी कीं मेंदूचा एखादा लहानसा भाग क्षणभर गोंधळवून त्याचें काम कोणतें हें पाहतां येतें. जन्मापासून किंवा बालपणापासून अंध असलेले लोक बोटांनीं ब्रेल वाचतात, तेव्हां त्यांच्या मेंदूंतील दृष्टीचा भाग रिकामा बसतो काय? १९९७ मध्यें कोहेन व त्याच्या सहकाऱ्यांनीं तो भाग चुंबकानें विस्कळित केला, तों त्या वाचकांच्या चुका वाढल्या. डोळस लोकांच्या स्पर्शज्ञानावर तसा परिणाम झाला नाहीं. म्हणजे अंधांचा दृष्टीचा भाग स्पर्शाच्या चाकरीस लागलेला होता. २००५ मध्यें मासिमिनी प्रभृतींनीं दाखविलें कीं जागेपणीं एका टिचकीचे पडसाद मेंदूंत दूरवर पसरतात, पण गाढ निद्रेंत ते जागच्या जागींच विरतात. उदासीनतेच्या रोगावर उपचार म्हणूनहि या विद्येचा उपयोग होतो, आणि अमेरिकेंत २००८ मध्यें त्यास मान्यता मिळाली. परंतु आमचा विषय उपचाराचा नसून शोधाचा आहे.

आतां दोन्ही प्रवाह एकत्र येतात. १९९३ मध्यें ह्युगाँ, लुडोल्फ, स्पेन्सर आदि संशोधकांनीं लॅथिरिझमच्या रोग्यांवर या पद्धतीनें केलेलें निरीक्षण प्रसिद्ध केलें. १९९४ मध्यें लखनौच्या मिश्र व शर्मा यांनीं उत्तरप्रदेशांतील उन्नाव जिल्ह्याच्या रोग्यांसंबंधीं तसाच निबंध लिहिला. ज्यांचे पाय लाखोळीनें ताठरले होते, त्या शेतकऱ्यांच्या मस्तकावर वेटोळें धरून पायांच्या स्नायूंचें उत्तर पाहण्यांत आलें. मेंदूकडून पायांकडे येणारी आंतील वाट बिघडलेली आहे, या वैद्यांच्या जुन्या तर्कास अशा मोजमापानें आधार मिळाला. पाय लुळे न पडतां ताठ कां होतात, चालतांना कात्रीसारखे एकमेकांवर कां येतात, हात बहुधा कां सुटतात, या सर्वांची संगति याच एका गोष्टीनें लागते. सर्वांत लांब तंतूंनाच विष आधीं बाधतें, असाहि एक तर्क यावरून करतां येतो. स्लीमननें बाहेरून पाहिलेली गोष्ट दीडशें वर्षांनीं आंतून मोजली गेली.

मग भंडाऱ्यास याचें काय? आमच्या मतें पुष्कळ आहे. बंदीसंबंधानें या जिल्ह्यांत दोन पक्ष दीर्घकाळ समोरासमोर उभे राहिले. एका पक्षाचें म्हणणें असें कीं विष तें विष. थोडें खाल्लें तरी थोडा अपाय होतच असेल, तो दिसत नाहीं इतकेंच. दुसरा पक्ष म्हणतो कीं भाताबरोबर वरणापुरती लाखोळी आमच्या आजापणजांनीं खाल्ली, त्यांचे पाय शाबूत राहिले. मग धान निघाल्यावर फुकटांत मिळणारें हें पीक गुन्हेगार कां ठरवितां? नागपूरचे डॉक्टर शांतिलाल कोठारी यांनीं या दुसऱ्या पक्षाची बाजू घेऊन बंदीविरुद्ध वर्षानुवर्षें चळवळ केली. २०१६ च्या आरंभीं भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या समितीनें रतन, प्रतीक व महातिवडा या कमी विषाच्या तीन जातींना अनुकूल अभिप्राय दिल्याचें प्रसिद्ध झालें, तेव्हां हा वाद पुन्हा सर्वांच्या तोंडीं आला.

या वादांतील खरा प्रश्न न दिसणाऱ्या अपायाचा आहे, आणि न दिसणारा अपाय मोजणें हेंच चुंबकोद्दीपनाचें वैशिष्ट्य होय. मनुष्य लंगडूं लागण्यापूर्वीं त्याच्या आंतील वाटेस उशीर होऊं लागला असेल, तर तो पकडण्याची आशा याच साधनापासून आहे. नियमानें थोडी लाखोळी खाणारीं कुटुंबें आणि मुळींच न खाणारीं कुटुंबें, वय व उंची सारखी पाहून, कांहीं वर्षांच्या अंतरानें मोजलीं तर दोन्ही पक्षांच्या म्हणण्याची कसोटी लागेल. उंचीचा विचार अवश्य केला पाहिजे, कारण वाट लांब तर वेळ अधिक. पायांचा भाग मेंदूच्या दोन अर्धांमधील खोल चिरेंत दडलेला असल्यामुळें त्यासाठीं खास आकाराचें वेटोळें लागतें, हेंहि विसरून चालणार नाहीं. आणि एका माणसाच्या एका आंकड्यावरून निकाल देणें म्हणजे एका पावसावरून साऱ्या हंगामाचा अंदाज बांधणें होय.

परंतु येथेंच मेरी रॅफर्टीची आठवण ठेवली पाहिजे. हें साधन तिच्या डोक्यांत खुपसलेल्या सुयांसारखें क्रूर नाहीं; तरी डोक्यांत धातूचा तुकडा असलेल्या वा फेंफरें येणाऱ्या माणसास त्यापासून धोका संभवतो, आणि ज्याच्यावर तें धरावयाचें त्यास त्याच्या भाषेंत सर्व समजावून सांगून त्याची संमति घेणें हा उपचार नसून धर्म आहे. शिवाय पांगळ्या माणसास हें यंत्र बरें करीत नाहीं. तें त्याच्या दुःखाचें माप घेतें, दुःख घेत नाहीं. म्हणून ज्याच्या शरीरापासून ज्ञान घ्यावयाचें, त्याच्या पदरांत त्याचें फळ पडलें पाहिजे: निर्धोक बियाणें, डाळ भिजवून व पाणी ओतून विष कमी करण्याची माहिती, आणि वाईट सालीं लाखोळीवरच जगण्याची पाळी येऊं नये इतकें इतर धान्य. सागरच्या त्या गांवास १८३१ मध्यें दुसरें धान्य मिळालें असतें, तर स्लीमनला लिहिण्याजोगें कांहीं घडलेंच नसतें.

धान्य निर्दोष कीं दोषी, हा प्रश्न दोन शतकें आपण घोषणांनीं, भीतीनें आणि कायद्यानें सोडवूं पाहिला. आतां त्यास मापानें उत्तर देण्याची सोय झाली आहे. तें उत्तर कोणाच्या बाजूनें लागेल याचें भाकीत आम्ही करीत नाहीं. तें भंडाऱ्याच्या बांधींत राबणाऱ्या माणसाच्या पायांवरून ठरावें आणि त्याच्याच हिताकरितां वापरलें जावें, एवढाच आमचा आग्रह आहे.